डीएमएसओ आणि तांबड्या रक्तपेशी : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबारकडचे फार्मसी-बायोटेकचे विद्यार्थी, ग्रामीण रुग्णालयांतले लॅब टेक्निशियन आणि अधूनमधून गुडघेदुखीने बेजार झालेली मंडळी डीएमएसओबद्दल जे विचारतात, त्यातले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना एकच आकडा हवा असतो: किती टक्क्यांपर्यंत चालतं? आकडा खाली दिला आहे. पण रक्तपेशीच्या बाबतीत किती घातलं याच्याइतकंच कसं घातलं आणि कसं काढलं, यावर सगळं अवलंबून असतं. म्हणून घाईत असाल तरी चौथा आणि पाचवा प्रश्न वाचल्याशिवाय आकड्याकडे जाऊ नका.

१. डीएमएसओ म्हणजे काय?

डायमिथाइल सल्फॉक्साइड. रंगहीन, किंचित तेलकट वाटणारं द्रावक. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झायत्सेव्ह यांनी ते १८६६ मध्ये पहिल्यांदा तयार केलं. लाकडाच्या लगद्यापासून कागद बनवताना जी गंधकयुक्त संयुगं निघतात, त्यांच्यापासूनही ते मिळतं. पाण्यात ते कोणत्याही प्रमाणात मिसळतं आणि पाण्यात न विरघळणारे बरेच पदार्थही विरघळवतं. प्रयोगशाळेत त्याला मान आहे तो या दुहेरी स्वभावामुळे. नव्या औषधाचा रेणू असो की सातपुड्यातल्या एखाद्या झाडाच्या सालीचा अर्क, पाण्यात विरघळेना की हात आपोआप डीएमएसओच्या बाटलीकडे जातो.

पण मग आपण पेशीवर नुसता अर्क टाकत नसतो, अर्क अधिक डीएमएसओ टाकत असतो. प्रबंधात मात्र बऱ्याचदा फक्त अर्काचं नाव येतं.

२. जानेवारीत बाटली दगडासारखी घट्ट झाली. माल खराब निघाला का?

नाही. शुद्ध डीएमएसओ १८.५ अंश सेल्सिअसला गोठतं. धुळ्या-जळगावकडच्या थंडीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा कपाटातली बाटली सकाळी गोठलेली दिसणारच. कोमट पाण्यात उभी ठेवा, पूर्ण वितळू द्या, हलवा, मग वापरा. अर्धवट वितळलेल्या बाटलीतून पिपेटने काढू नका.

उलट जानेवारीत आपल्याकडे बाटली अजिबात गोठत नसेल तर मला शंका येते. डीएमएसओ हवेतली ओल भराभर ओढून घेतं, आणि पाणी शिरलं की गोठणबिंदू खाली जातो. झाकण उघडं राहिलेल्या बाटलीची पावसाळ्यात हीच गत होते.

३. तांबडी पेशी इतकी लवचिक कशी असते?

माणसाच्या तांबड्या पेशीचा व्यास साधारण ७ ते ८ मायक्रॉन. केशवाहिन्या काही ठिकाणी ३-४ मायक्रॉनच्याच असतात आणि प्लीहेतल्या फटी तर एक मायक्रॉनहूनही अरुंद. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात पेशी या वाटांवरून पुन्हापुन्हा जाते.

हे जमतं ते तीन कारणांनी. पहिलं, तिच्यात केंद्रक नसतं; आत हिमोग्लोबिनचं दाट द्रावण असतं, पण ते वाहतं. दुसरं, पटलाच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन या प्रथिनाची जाळी असते. ती ताणली जाते आणि परत मूळ आकारात येते. तिसरं आणि आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं कारण म्हणजे पेशीचं आवरण आतल्या मालाच्या मानाने मोठं असतं. घनफळ सुमारे ९० फेम्टोलिटर आणि पटलाचं क्षेत्रफळ सुमारे १३५ ते १४० चौरस मायक्रॉन. एवढाच माल गोलाकार पेशीत भरायचा असता तर जेमतेम ९७ चौरस मायक्रॉन पटल पुरलं असतं. अर्धवट भरलेली कापसाची गोणी अरुंद दारातून वाकवून, दाबून नेता येते. ठासून भरलेली दारातच अडकते. पेशीचंही तसंच.

पटल स्वतः मात्र फारसं ताणत नाही. वाकतं सहज, पण त्याचं क्षेत्रफळ तीन-चार टक्क्यांहून जास्त वाढवायला गेलं की फाटतं. म्हणजे पेशी फुगू शकते ती सैल पटल संपेपर्यंतच. १४० चौरस मायक्रॉनच्या पटलात जास्तीत जास्त १५० फेम्टोलिटरच्या आसपास मावतं. त्यापुढे हिमोग्लोबिन बाहेर.

४. डीएमएसओ घातल्यावर पेशीत नेमकं काय घडतं?

आधी ती आक्रसते, मग पुन्हा फुगते.

थोडा हिशेब करू. डीएमएसओचा रेणुभार ७८ आणि घनता १.१. म्हणजे आकारमानाने १ टक्का द्रावणात लिटरमागे ११ ग्रॅम, सुमारे १४० मिलिमोल. रक्तद्रवाची परासरणीयता, म्हणजे त्यात विरघळलेल्या कणांची एकूण दाटी, २९० मिलिऑस्मोलच्या आसपास असते. नुसता १ टक्का डीएमएसओ घातला की बाहेरचा आकडा ४३० च्या घरात जातो, आणि १० टक्के घातला तर १७०० च्या, म्हणजे जवळपास सहापट.

पाणी पेशीतून फार वेगाने ये-जा करतं. त्यासाठी ॲक्वापोरिन नावाच्या खास वाटा असतात (त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं). डीएमएसओही आत शिरतं, पण पाण्याच्या मानाने सावकाश. त्यामुळे पहिल्या क्षणी पाणी बाहेर धावतं, पेशी आक्रसते आणि तिच्या कडेला काटे उभे राहतात. मग डीएमएसओ आत येऊ लागतं, त्याच्यामागून पाणी परततं, आणि थोड्या वेळात पेशी जवळपास पहिल्या घनफळाला येते. या टप्प्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्याला वाटतं, काहीच झालं नाही. पण आता पेशीच्या आतही बाहेरइतकंच डीएमएसओ भरलेलं असतं.

आक्रसलेल्या अवस्थेत पेशी कडकही होते. आतलं हिमोग्लोबिन एरवीच डेसिलिटरला ३३ ग्रॅम इतकं दाट असतं. पाणी गेलं की ते आणखी दाटतं आणि या पातळीला थोडी दाटी वाढली तरी चिकटपणा भराभर वाढतो. म्हणून डीएमएसओ घातल्याबरोबर मोजलेली लवचिकता आणि दहा मिनिटांनी मोजलेली लवचिकता एकच समजून चालत नाही. मोजमाप कोणत्या मिनिटाला घेतलं ते वहीत लिहा.

५. मग फुटते केव्हा?

बहुतेक वेळा डीएमएसओ बाहेर काढताना.

१० टक्के डीएमएसओत स्थिरावलेली पेशी एकदम साध्या सलाईनमध्ये टाकली तर आत १७०० आणि बाहेर २९० अशी स्थिती होते. पाणी आत घुसतं, डीएमएसओ सावकाश बाहेर पडत असतं, आणि या शर्यतीत पाणी जिंकतं. पेशी १५० फेम्टोलिटरची मर्यादा ओलांडते आणि ट्यूब लाल होते. विद्यार्थी लिहितो, ‘डीएमएसओमुळे हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) झालं.’ झालं खरं, पण ते धुण्याच्या पद्धतीमुळे. तेच द्रावण टप्प्याटप्प्याने पातळ केलं, दर टप्प्याला काही मिनिटं थांबलं, तर नुकसान बरंच कमी होतं.

दुसरी वाट म्हणजे शुद्ध डीएमएसओचा थेंब थेट पेशींवर सोडणं. तो पसरेपर्यंत त्या जागी प्रमाण प्रचंड असतं. वर, डीएमएसओ आणि पाणी मिसळताना उष्णता निघते; ट्यूब हातात धरली तर जाणवते. त्या थेंबाखालच्या पेशी दोन्हीकडून मारल्या जातात. शेवटचं प्रमाण कागदावर १ टक्का दिसलं तरी काही पेशींनी ५० टक्के भोगलेलं असतं. म्हणून आधी सलाईनमध्ये डीएमएसओ मिसळा, थंड होऊ द्या, आणि मग ते पेशींमध्ये हलवत हलवत घाला.

६. म्हणजे पटलावर त्याचा स्वतःचा असा परिणाम काहीच नाही?

आहे. डीएमएसओचा रेणू लहान असतो, एका टोकाला पाण्याची ओढ असलेला ऑक्सिजन आणि दुसरीकडे पाण्याला टाळणारे दोन मिथाइल गट. तो मेदपटलातल्या रेणूंच्या डोक्यांच्या खालोखाल जाऊन बसतो, त्यांना थोडं बाजूला सारतो आणि तिथल्या पाण्याच्या थराची मांडणी बदलतो. संगणकीय प्रतिकृतींवरून २००७ मध्ये तीन पायऱ्यांचं एक चित्र पुढे आलं: कमी प्रमाणात पटल पातळ आणि जास्त लवचिक होतं; प्रमाण वाढलं की त्यात क्षणभर टिकणारी पाण्याची छिद्रं पडतात; आणखी वाढलं की पटलाची रचनाच मोडते.

हे चित्र डोळ्यांपुढे ठेवायला चांगलं आहे. पण तिथलं पटल शुद्ध मेदाचं होतं. खऱ्या तांबड्या पेशीत कोलेस्टेरॉल भरपूर असतं आणि खाली स्पेक्ट्रिनची जाळी असते, त्यामुळे तिथले आकडे उचलून आपल्या ट्यूबला लावू नयेत. प्रमाण फार वाढलं तर डीएमएसओ प्रथिनांची घडीही बिघडवतं. तेव्हा कितीही सावकाश घाला, उपयोग नाही.

७. डीएमएसओचं २९० मिलिऑस्मोलचं द्रावण साध्या पाण्यात केलं तर ते सलाईनसारखं चालेल ना?

नाही, पेशी फुटतील. ऑस्मोमीटरवर आकडा जुळला म्हणजे पेशीला ते द्रावण मानवलं असं होत नाही. मीठ बाहेर टिकतं, म्हणून ते पाण्याला रोखून धरतं. डीएमएसओ आत शिरतं आणि पाण्यालाही सोबत नेतं. युरियाचंही असंच आहे. म्हणून डीएमएसओ नेहमी ०.९ टक्के मीठ कायम ठेवून त्यावर जादा घालायचं. १० टक्के डीएमएसओ हवं म्हणून सलाईनचा दहावा हिस्सा काढून तिथे डीएमएसओ ओतलं तर मीठही दहा टक्क्यांनी घटतं, हे लक्षात ठेवून सलाईन थोडं दाट करून घ्या.

८. अर्काच्या हिमोलिसिस चाचणीत डीएमएसओ किती टक्के चालतं?

हाच तो आकडा: शेवटच्या मिश्रणात ०.५ टक्क्याच्या आत ठेवा, फार तर १ टक्का.

आकड्यापेक्षा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी लावलेल्या ट्यूब, महत्त्वाचे. चार ट्यूब तरी हव्यात: नुसतं सलाईन, सलाईनमध्ये तेवढंच डीएमएसओ, डीएमएसओत विरघळवलेला अर्क, आणि शंभर टक्के फुटण्यासाठी डिस्टिल्ड वॉटर. वाचन ५४० नॅनोमीटरला. डीएमएसओ स्वतः तिथे प्रकाश शोषत नाही, त्यामुळे ती काळजी नाही. अर्काच्या वेगवेगळ्या मात्रा तपासताना डीएमएसओ मात्र सगळ्या ट्यूबमध्ये सारखंच ठेवा. मूळ द्रावण कमी-जास्त घालत गेलात तर अर्काबरोबर डीएमएसओही बदलतं आणि मग आलेख नेमका कशाचा आहे ते सांगता येत नाही. ही चूक इतकी सर्रास दिसते की मी अहवाल हातात आला की आधी तेच बघतो.

९. हिरड्याच्या अर्कात वाचन कंट्रोलपेक्षाही कमी आलं. अर्क पेशी वाचवतो असं लिहू का?

लगेच नको. हिरडा, बेहडा, धावडा यांच्यात टॅनिन भरपूर असतं. टॅनिन प्रथिनांना पकडून खाली बसवतं. पेशी फुटून हिमोग्लोबिन बाहेर आलं तरी ते गाळाबरोबर तळाशी जातं, वरचं पाणी स्वच्छ राहतं आणि यंत्र म्हणतं, सगळं ठीक आहे. खात्री करायची तर आधीच फोडलेल्या रक्ताच्या पाण्यात तोच अर्क घालून पाहा. रंग उतरला तर यंत्र तुम्हाला टॅनिनची करामत दाखवतंय. शिवाय अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग वजा केला का, तेही तपासा.

रिठ्याचं उलटं. त्यातलं सॅपोनिन पटलातल्या कोलेस्टेरॉलला धरून छिद्रं पाडतं आणि पेशी झटपट फोडतं. रिठा किंवा शिकेकाईचा अर्क घेतला असेल तर डीएमएसओला दोष देण्याआधी हे आठवा.

१०. माणसाचं रक्त मिळवायला परवानग्या लागतात. खाटकाकडून बोकडाचं आणलं तर?

चालतं, पण निष्कर्ष माणसाला लावू नका. बोकडाच्या तांबड्या पेशी पाळीव सस्तन जनावरांत सगळ्यात लहान, जेमतेम ३ ते ४ मायक्रॉनच्या. परासरणाच्या ताणाला त्या फार नाजूक असतात. माणसाच्या पेशी ज्या मिठाच्या पाण्यात धड राहतात त्यात त्या फुटू लागतात. माणसाच्या पेशी साधारण ०.४५ ते ०.५० टक्के मिठाला फुटायला सुरुवात होते आणि ०.३० च्या आसपास सगळ्या संपतात. बोकडाच्या पेशींची सुरुवात याहून बरीच वर होते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पटलात मेदांचं मिश्रणही वेगळं असतं: लेसिथिन जवळपास नाही, स्फिंगोमायलिन भरपूर. पटलात शिरणाऱ्या द्रावकाचा अभ्यास करताना हा फरक किरकोळ नाही.

कोंबडीचं रक्त तर सोडूनच द्या. त्या पेशी लांबट असतात आणि त्यांत केंद्रक असतं.

माणसाचं रक्त वापरायचं असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी घ्या. वर्गमित्राच्या बोटाला सुई टोचून काम भागवू नका.

११. डीएमएसओ न घालताही स्लाईडवर काटेरी पेशी दिसतात. का?

काचेमुळे. स्वच्छ काचेवर पेशी नुसत्या ठेवल्या तरी आसपासचा पीएच चढतो आणि काटे येतात. सलाईनमध्ये थोडं अल्ब्युमिन घाला, फरक दिसेल. जुनं रक्त आणि ऊर्जा संपलेल्या पेशीही काटेरी दिसतात.

जाता जाता: आकार बदलण्याचं एक जुनं स्पष्टीकरण शीट्झ आणि सिंगर यांनी १९७४ मध्ये दिलं. पटलाच्या दोन थरांपैकी बाहेरचा थर पसरला तर काटे, आतला पसरला तर वाटीसारखा खळगा. क्लोरप्रोमाझिन आतल्या थरात जमतं म्हणून वाटी करतं. डीएमएसओचे सुरुवातीचे काटे मात्र पाणी गेल्यामुळे असतात, त्यामुळे ते थोड्या वेळात मावळतात. मावळले नाहीत तर कारण दुसरीकडे शोधा.

१२. लवचिकता मोजायला आमच्याकडे महागडी यंत्रं नाहीत. काय करता येईल?

मोठ्या संस्थांत बारीक काचनळीने पटल ओढून मोजतात, किंवा लेझरच्या चिमट्याने पेशी ताणतात (प्रकाशाच्या या चिमट्यासाठी आर्थर अॅश्किन यांना २०१८ चं नोबेल मिळालं), किंवा फिरत्या द्रवात पेशी किती लांबट होतात ते लेझरने पाहतात. कॉलेजात दोन गोष्टी सहज जमतात. एक, मिठाच्या उतरत्या प्रमाणातली फ्रॅजिलिटी चाचणी (किती पातळ मिठात पेशी फुटतात ते पाहणं), डीएमएसओसह आणि डीएमएसओशिवाय. दुसरी, ५ मायक्रॉन छिद्रांच्या गाळणीतून ठरावीक पेशींना जायला किती वेळ लागतो ते मोजणं.

गाळणीत एक गोम आहे. डीएमएसओ आणि पाण्याचं मिश्रण दोघांपेक्षाही घट्ट असतं. काही प्रमाणांत पाण्याच्या तिप्पट-चौपट. वेळ वाढला तो पेशी कडक झाल्याने की द्रवच जाड झाल्याने, हे कळायला पेशींशिवायचं तेच द्रावण आधी गाळून घ्या. गाळणी कशाची आहे तेही बघा. पॉलिकार्बोनेट आणि सेल्युलोज नायट्रेटला तीव्र डीएमएसओ खातं. ट्यूब पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या.

१३. रक्त गोठवून ठेवायला डीएमएसओ वापरतात म्हणे. मग ते पेशीला चांगलं की वाईट?

गोठताना पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेल्या पाण्यात मीठ दाटत जातं. तांबड्या पेशी मरतात त्या या दाटलेल्या मिठाने, हे जेम्स लव्हलॉक यांनी १९५३ मध्ये लंडनच्या मिल हिल इथल्या संस्थेत दाखवलं. मीठ लिटरला ०.८ मोलच्या आसपास गेलं की नुकसान सुरू होतं. पेशीच्या आतबाहेर जाऊ शकणारा एखादा निरुपद्रवी पदार्थ भरपूर असेल तर तितक्या थंडीत बर्फ कमी बनतो आणि मीठही कमी दाटतं. आधी ग्लिसरॉल वापरात आलं. १९५९ मध्ये लव्हलॉक आणि बिशप यांनी डीएमएसओ हेच काम करतं असं दाखवलं. (हेच लव्हलॉक पुढे पृथ्वीला एक सजीव व्यवस्था मानणाऱ्या गाया कल्पनेमुळे जगभर माहीत झाले.)

आज अस्थिमज्जेतल्या मूळपेशी बहुधा १० टक्के डीएमएसओत गोठवतात. तांबड्या पेशींसाठी मात्र रक्तपेढ्या ग्लिसरॉलच वापरतात, साधारण ४० टक्के, उणे ६५ अंशांखाली, दहा वर्षांपर्यंत. तेही दुर्मीळ गटांच्या रक्तासाठी. रुग्णाला देण्याआधी ते धुऊन काढतात: आधी १२ टक्के मीठ, मग १.६ टक्के, मग ग्लुकोज घातलेलं ०.९ टक्के. पाचव्या प्रश्नात टप्प्याटप्प्याने म्हटलं ते हेच. आपल्याकडच्या रक्तपेढीत रोजची पिशवी गोठवत नाहीत. ती २ ते ६ अंशांत ३५ किंवा ४२ दिवस राहते.

१४. आमच्या भागात सिकलसेल आहे. त्या रक्तावर डीएमएसओचा परिणाम वेगळा होतो का?

हा प्रश्न धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूरकडून येतो आणि तो यावाच. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा अशा समाजांत सिकलसेलचं जनुक आढळतं. देशपातळीवरचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं. उद्दिष्ट २०४७ चं आहे.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असतं. ऑक्सिजन सुटला की असे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनवतात, पेशी विळ्यासारखी वाकते आणि ताठरते. तंतू बनायला किती वेळ लागेल हे हिमोग्लोबिनच्या दाटीवर विलक्षण अवलंबून असतं, जवळजवळ तिसाव्या घातापर्यंत. आता चौथा प्रश्न आठवा: डीएमएसओ घातल्यावर पेशी आधी आक्रसते, म्हणजे हिमोग्लोबिन दाटतं. ऑक्सिजन कमी असेल तर त्याच क्षणी विळे बनण्याला चालना मिळते. म्हणून डीएमएसओत विरघळवलेलं एखादं औषध विळे रोखतं का हे तपासायचं असेल तर पेशींना आधी डीएमएसओसह स्थिरावू द्या, मगच ऑक्सिजन काढा. आणि फक्त डीएमएसओची ट्यूब शेजारी हवीच.

डीएमएसओ हे सिकलसेलवरचं औषध नाही. रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर ते डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावं. कुणी बाटली विकायला आलं तर घेऊ नका.

१५. सिकलसेल शोधायला गावात करतात त्या सोल्युबिलिटी टेस्टमध्ये कोणतं द्रावक असतं?

त्यात सॅपोनिन पेशी फोडतं, डायथायोनाइट ऑक्सिजन काढून घेतं आणि दाट फॉस्फेट बफरमध्ये सिकल हिमोग्लोबिन विरघळेनासं होतं. द्रावण गढूळ होतं, ट्यूबमागच्या काळ्या रेघा दिसत नाहीत. वाहक आणि रुग्ण यांतला फरक ही चाचणी सांगत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही चाचणी करावी लागते. डायथायोनाइट हवेने आणि उकाड्याने लवकर निकामी होतं, त्यामुळे जुनं रसायन मे महिन्यात वापरलं तर खरा पॉझिटिव्हही निसटू शकतो. रोज एक माहीत असलेला पॉझिटिव्ह नमुना लावून पाहणं यावरचा उपाय आहे.

१६. उन्हाळ्यात डोंगरातून आणलेले नमुने आधीच फुटलेले निघतात. प्रयोगाला चालतील का?

चालणार नाहीत. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. मोटारसायकलच्या डिकीत तो आणखी चढतो, आणि ४९-५० अंशांना स्पेक्ट्रिनची घडीच उलगडते. पेशीचे कण तुटून पडतात. मग डीएमएसओने काय केलं आणि डिकीने काय केलं, हे कसं सांगणार? बर्फाची थैलीही ट्यूबला थेट टेकवू नका. गोठलं तरी पेशी फुटतात. मध्ये कापड किंवा पुठ्ठा ठेवा, २ ते ८ अंश राखा आणि शक्यतो त्याच दिवशी काम संपवा. सेंट्रिफ्यूजनंतर वरचा द्रव गुलाबी दिसला तर तो नमुना बाजूला काढा.

१७. ‘भाऊ, गुडघाले लावाले हाई चांगलं शे का?’

माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत याचा मोठा बोलबाला झाला. प्राण्यांच्या डोळ्यांतल्या भिंगात बदल दिसल्यावर १९६५ मध्ये चाचण्या थांबवल्या गेल्या. पुढे १९७८ मध्ये तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ५० टक्के द्रावणाला मंजुरी दिली ती मूत्राशयाच्या एका दुखण्यासाठी, नळीने आत सोडायला.

हे कातडीतून आरपार जातं आणि कातडीवर जे असेल त्यालाही आत नेतं. कपाशीवर फवारणी करून आलेल्या हाताला ते लावणं म्हणजे कीटकनाशकाला घरात बोलावणं. लॅबमध्ये वापरतात ते द्रावक औषध म्हणून शुद्ध केलेलंही नसतं. लावल्यावर तोंडाला लसणाचा वास येतो, कारण शरीरात त्याचा काही भाग डायमिथाइल सल्फाइड होऊन श्वासावाटे निघतो. तीव्र द्रावण शिरेतून दिल्यावर तांबड्या पेशी फुटून लघवी लाल झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. ‘नैसर्गिक आहे, लाकडापासून बनतं’ या जाहिरातीवर जाऊ नका.

१८. थिनर, पेट्रोल, दारू यांचाही पेशींवर असाच परिणाम होतो का?

तसाच नाही. पेट्रोल आणि काही थिनरमधलं बेन्झीन फिरत्या पेशींपेक्षा त्या जिथे तयार होतात त्या अस्थिमज्जेला मारतं, आणि ते वर्षानुवर्षं हुंगल्याने. रंगकाम आणि गॅरेजवाल्यांनी ते मनावर घ्यावं. अल्कोहोल ट्यूबमध्ये पुरेशा प्रमाणात पेशी फोडतं, पण पिणाऱ्याच्या रक्तात तेवढं प्रमाण होत नाही. मिथेनॉल स्लाईडवरच्या पेशी जागच्या जागी पक्क्या करतं, रक्ताची स्लाईड रंगवायच्या लीशमन स्टेनमध्ये ते त्यासाठीच असतं. त्यात ओल शिरली की पेशींवर चमकदार छिद्रं दिसतात आणि नवखा माणूस त्यांना परजीवी समजतो.

द्रावक नसली तरी कपाटातली डांबरगोळी इथे सांगायला हवी. जी६पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या मुलाने ती गिळली किंवा तिचा वास फार घेतला तर तांबड्या पेशी खरोखर फुटतात. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले तर दवाखाना गाठा.

१९. उरलेलं रक्त आणि डीएमएसओ कुठे टाकायचं?

रक्त लागलेलं प्लास्टिक लाल पिशवीत, काच निळ्या खुणेच्या डब्यात. उरलेलं रक्त टाकण्याआधी १ टक्का हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास ठेवा. तीव्र डीएमएसओ मात्र त्या बादलीत ओतू नका, दोघांची उष्णता सोडणारी अभिक्रिया होते. ते वेगळ्या, लेबल लावलेल्या बाटलीत जमवा आणि रासायनिक कचऱ्यात द्या. बेसिनमध्ये सोडलं तर नाल्यातले जिवाणू त्याचं डायमिथाइल सल्फाइड करतात आणि सडक्या कोबीसारखा वास अख्ख्या मजल्यावर पसरतो.